आधी सूर, मग सनई

सनई बेसूर झाली हे कळायला शिकावं लागत नाही. मांडवात बसलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो, वाजवणाऱ्याला नावं ठेवतो आणि पंगतीकडे वळतो. ती कशामुळे बेसूर झाली, दोष पत्तीत आहे की दमात, सनईत आहे की सुरात, हे विचारलं तर मात्र मांडवातले नव्वद टक्के लोक गप्प बसतील, आणि उरलेल्या दहांतले निम्मे चुकीचं सांगतील. ही पुस्तिका आठ्या घालून न थांबणाऱ्या कानांसाठी आहे. वाजवणाऱ्या पोरांसाठी तर आहेच. पण त्यांना वाजवायला बोलावणाऱ्यांसाठी, देवळाच्या पंचांसाठी, शाळेत बँड बसवणाऱ्या शिक्षकांसाठीही आहे.

तिच्यात तीन वाद्यं आहेत: सनई, सोलापूरकडची सुंदरी आणि पलटणीतला बॅगपाइप, ज्याला फौजेत मशकबीनही म्हणतात. तिसऱ्याचं नाव वाचून मंगळवेढ्याचा वाचक दचकेल. स्कॉटलंडच्या डोंगरातलं वाद्य आणि माण-भीमेच्या काठची काळी जमीन, यांचा संबंध काय? संबंध बेळगावातून येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथे आहे, तिथे पाइप बँड आहे, आणि सोलापूर, सातारा, सांगली या पट्ट्यातून त्या पलटणीत पिढ्यानपिढ्या भरती होत आली आहे. इंग्रजांच्या फौजेतल्या स्कॉटिश पलटणींकडून ते वाद्य हिंदी पलटणींत आलं आणि स्वातंत्र्यानंतर इथेच राहिलं. भारतीय पायदळाच्या संचलनात आज ते इतकं मुरलंय, की परकं वाटतच नाही.

पण बॅगपाइप इथे घेण्याचं खरं कारण भरती नव्हे. सनईचा ताफा उलगडून पाहिला तर तो बॅगपाइपच असतो, फक्त दोन माणसांत वाटलेला. बॅगपाइपची एक नळी बोटांनी वाजते. तिला चँटर म्हणतात. उरलेल्या तीन नळ्या खांद्यावर उभ्या असतात आणि एकच स्वर न थांबता धरतात; त्या ड्रोन. दोन ड्रोन चँटरच्या षड्जाच्या एक सप्तक खाली, तिसरा आणखी एक सप्तक खाली. आता आपल्याकडे पाहा. एक जण सनई वाजवतो. त्याच्या शेजारी, अर्धं पाऊल मागे, दुसरा एक जण सनईसारखीच नळी तोंडाला लावून उभा असतो. त्याची बोटं हलत नाहीत. तो फक्त षड्ज धरतो. त्या वाद्याला आपण ‘सूर’ म्हणतो, आणि तो वाजवत नाही, ‘धरतो’. पाइपरच्या काखेत चामड्याची पिशवी असते. आपल्या माणसाचे गालच पिशवीचं काम करतात. नाकाने श्वास आत, त्याच वेळी गालातली हवा बाहेर. गारुड्याच्या पुंगीत तर दोन्ही रीती एकत्र आल्या आहेत: भोपळा, त्याला दोन नळ्या, एक सुरावटीची आणि एक धरलेल्या स्वराची.

म्हणून एका वाद्यावर तयार झालेला कान दुसऱ्यावर चालतो. कानाला द्यायची पहिली शिकवणही तिन्ही वाद्यांना एकच लागू पडते: सनईचा बेसूर ओळखायचा असेल तर सनईकडे कान देऊ नका. सुराकडे द्या. सुरावट मोहात पाडते, भुलवते, घाईने पुढे नेते. तिच्यामागे धावणारा कान चूक घडून गेल्यावर जागा होतो. धरलेला स्वर मात्र जागचा हलत नाही. त्याच्यावर कान टेकवून ठेवला, की सनई कुठे जुळली आणि कुठे घासली ते आपोआप कळतं.

मंगळवेढ्याला कानाची एक जुनी कथा आहे. गावकुसाचं बांधकाम चालू असताना ते ढासळलं आणि त्याखाली चोखोबा गेले. साल १३३८ मानतात. नामदेव आले तेव्हा ढिगाऱ्याखाली अनेकांची हाडं एकमेकांत मिसळली होती. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मला त्या कथेतली रीत महत्त्वाची वाटते. नामदेव हाडं डोळ्यांनी निवडत बसत नाहीत. त्यांच्या कानात एक नाम आधीपासून चालू आहे, आणि बाहेरचं काय त्याच्याशी जुळतं तेवढंच ते ऐकतात. सूर तपासणाऱ्यालाही कानात आधी एक स्थिर गोष्ट लागते. ती नसेल तर ऐकणं म्हणजे नुसती पसंती-नापसंती.

आता प्रत्यक्ष कानावर काय येतं ते सांगतो. समजा सूर सेकंदाला २४० कंपनांचा आहे आणि सनईचा षड्जही नेमका २४० चा. दोन्ही एकमेकांत मुरतात आणि एकच भरीव आवाज येतो. आता सनई २४२ वर गेली. दोन वेगळे स्वर ऐकू येतील असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. आवाज एकच येतो, मात्र तो फुगतो आणि ओसरतो, सेकंदाला दोनदा. दोन्ही कंपनसंख्यांत जितकं अंतर, तितक्या लहरी. अंतर एकाचं असेल तर सेकंदाला एक लहर, चाराचं असेल तर चार. दहा-पंधराच्या पुढे लहरी मोजता येत नाहीत. आवाजाला नुसता खरखरीतपणा येतो. मांडवातल्या माणसाच्या कपाळाला ज्या आठ्या पडतात त्या या खरखरीतपणामुळे. पण जाणत्याने त्याच्या फार आधी, लहर मोजता येते तेव्हाच कान टवकारायला हवेत.

पंचमाची गंमत जरा खोल आहे. पंचम आणि षड्ज यांचं प्रमाण ३ला २. सूर २४० असेल तर खरा पंचम ३६०. पण फुंकवाद्याचा कुठलाही स्वर एकटा येत नाही. त्याच्या अंगात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक स्वर असतात, आणि सनईत तर ते भरपूर असतात. सुराचा तिप्पट स्वर ७२०. पंचमाचा दुप्पट स्वरही ७२०. ते तिथे भेटतात, म्हणून पंचम गोड लागतो. सनईचा पंचम ३६१ झाला तर दुप्पट ७२२ होतो, आणि वर, अगदी आवाजाच्या टोकाशी, सेकंदाला दोन लहरी उमटतात. मूळ स्वरात एकाचाच फरक, पण ऐकू येतो दुपटीने. म्हणूनच जुने लोक सनई लावताना षड्जापेक्षा पंचमावर जास्त वेळ थांबतात. त्यांना हा हिशोब कुणी सांगितलेला नसतो. त्यांच्या कानाने तो कधीच करून ठेवलेला असतो.

बॅगपाइपवर हे काम अधिक उघड चालतं, म्हणून शिकणाऱ्याने ते एकदा तरी जवळून पाहावं. पाइपर पिशवी भरतो, चँटर सुरू करतो आणि तीनपैकी दोन ड्रोन बंद ठेवतो. उरलेल्या एका ड्रोनची नळी दोन तुकड्यांची असते, एक दुसऱ्यात सरकणारी. नळी लांबवली की स्वर उतरतो, आखूड केली की चढतो. तो एका हाताने चँटरचा स्वर धरून दुसऱ्या हाताने ती नळी हळूहळू सरकवतो. लहरी आधी भराभर येतात, मग मंदावतात, लांब होतात, आणि एका जागी थांबतात. त्या क्षणी ड्रोन ऐकू येईनासा होतो. तो बंद पडलेला नसतो. चँटरमध्ये विरघळलेला असतो, आणि चँटरचाच आवाज एकदम भरदार वाटू लागतो. मग दुसरा ड्रोन पहिल्याशी, शेवटी खर्जाचा. दहा पाइपरांचा बँड म्हणजे तीस ड्रोन. तीसच्या तीस जुळले तर मैदानावर एकच मोठा स्वर उभा राहतो. त्यातला एक जरी हटला तरी तो लांबून ओळखू येतो.

या एका लहरीवरून बराच शोध लावता येतो, आणि पुस्तिकेचा निम्मा भाग त्याचाच आहे. इथे थोडक्यात सांगतो. लहरींचा वेग कायम असेल, म्हणजे सेकंदाला तीन तर सगळा वेळ तीनच, तर वाद्य चुकीचं लागलं आहे. लहरी कधी भराभर, कधी सावकाश अशा येत असतील तर वाद्य बरोबर असेल, दम हलतोय. पिशवीवर कोपराचा दाब कमीजास्त झाला की चँटरचा स्वर चटकन चढतो-उतरतो. ड्रोन त्या मानाने जागेवर राहतात, म्हणून दोघांतलं अंतर सारखं बदलतं. सनईच्या बाबतीत गालातली हवा संपून श्वास आत घ्यायच्या वेळी हाच झोल पडतो. तो नेमका श्वासाच्या वेळेला पडतो का, हे ऐकलं की निदान पक्कं. वस्ताद पोराला ओरडतो ते याच जागी: “दम तोडू नगंस रं, सूर हलतोय.”

एकच स्वर चुकत असेल आणि बाकीचे ठीक असतील तर त्या स्वराचं भोक पाहा. सनईवाले भोकाच्या कडेला मेण लावून ते लहान करतात, स्वर उतरतो. पाइपवाले त्याच कामाला काळी चिकटपट्टी वापरतात आणि भोकाच्या वरच्या कडेवर केसभर खाली-वर सरकवतात. सगळे स्वर सारखेच चढलेले किंवा उतरलेले असतील तर सनईला हात लावू नका, सूर लावा. आणि खालचे स्वर ठीक, पण वर जावं तसतसे अधिकाधिक चढे होत असतील, तर दोष बहुतेक पत्तीच्या बैठकीत असतो. पत्ती नळीत जास्त आत बसली की सगळेच स्वर चढतात, पण वरचे जास्त चढतात, कारण वरच्या स्वरांसाठी नळीचा जेवढा आखूड तुकडा कामाला येतो, त्यात तेवढीच केसभर कमी झालेली लांबी मोठी ठरते. तिन्ही वाद्यांना हा नियम लागू आहे. सनईच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेल्या चार-दोन जादा पत्त्या आणि सुई लटकते ती शोभेसाठी नव्हे.

पत्तीबद्दल बोलायला लागलो की थांबता येत नाही, म्हणून इथे आवरतो. एवढंच, की कोरडी पत्ती कडक आणि कर्कश बोलते, फार भिजलेली बोजड होते, आणि वाजवायच्या आधी ती तोंडात धरून बसलेला वाजंत्री वेळ काढत नसतो.

आता उन्हाकडे येतो. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची. फेब्रुवारी-मार्चात काढणी होते, सुगी संपते, धान्य घरात येतं आणि मग लग्नं लागतात. म्हणजे इथली लग्नसराई नेमकी भर उन्हाळ्यात. सकाळी हळदीला २८-३० अंश, दुपारी अक्षता पडताना ४० च्या आसपास. हलगीवाल्याला ऊन फावतं, त्याचं कातडं आपोआप ताणतं. एरवी त्याला पाचट किंवा कागद पेटवून ते शेकावं लागतं. सनईचं तसं नाही. हवा तापली की तिच्यातून आवाज अधिक वेगाने जातो, आणि नळीची लांबी तीच असल्यामुळे स्वर चढतो. ३० अंशांवरून ४० वर गेलं तर २४० चा स्वर जवळजवळ २४४ होतो. नळीतली हवा फुंकीनेही तापलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण पडतो. दोन कंपनांच्या फरकानेही सेकंदाला दोन लहरी उमटतात, हे वर सांगितलंच आहे.

आणि तरीही जुन्या ताफ्यांत दुपारी सनई बेसूर होत नसे. कारण साधं आहे: सूर धरणाराही त्याच उन्हात उभा असायचा. त्याची नळीही तापायची, त्याचा स्वरही चढायचा, आणि सनई-सूर दोघं हातात हात घालून वर सरकायचे. सकाळी काळी एकमध्ये लागलेला ताफा दुपारी काळी एकच्या जरा वर वाजत असेल, पण तो कुणालाच कळत नसे, कारण मांडवात दुसरं मोजमापच नव्हतं. शिवाय सूर धरणाऱ्याला कान असतात. सनई किंचित हलली की तो ओठ आवळून, दम वाढवून तिच्याजवळ जातो. त्याचं ते काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

मग विजेवर चालणारी सूरपेटी आली. ती स्वस्त आहे, ती जेवत नाही, तिला गाडीत जागा लागत नाही, आणि ती कधीही चुकत नाही. अगदी शेवटचा गुण तिचा घातक ठरला. २४० म्हणजे २४०, सकाळी आणि दुपारीही. सनई उन्हासोबत वर निघून जाते आणि पेटी जागेवर बसून राहते. दोघांत लहरी सुरू होतात. कुणीही पेटीकडे बोट दाखवत नाही, कारण पेटी बरोबर आहे हे सगळ्यांना माहीत असतं. दोष सनईवर येतो. सनईवाला बिचारा पत्ती बाहेर ओढतो, मेण लावतो, स्वर खाली ओढायला दम कमी करतो, आणि दम कमी केला की आवाजातलं पाणीच जातं. माझं मत विचाराल तर गेल्या काही दशकांत आपल्याकडच्या सनईचं जेवढं नुकसान बेंजो, बँड आणि ध्वनिमुद्रित सनईने केलं नसेल, तेवढं सूर धरणारा माणूस ताफ्यातून काढल्याने झालं. मी पाहिलेल्या ताफ्यांत त्याचा हिस्सा सगळ्यात कमी असायचा, आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिला त्याचाच नंबर लागायचा. घरचं शिकाऊ पोरगं किंवा म्हातारा चुलता सुरावर उभा असे. मुलगा तिथेच वर्षानुवर्षं उभं राहून कान तयार करायचा. सनई त्याच्या हाती नंतर यायची. ती शाळाच बंद झाली.

यावर उपाय पेटी फेकून द्या असा नाही. सूरपेटीवर स्वर खाली-वर करायची चकती असते. वाजवून वाद्य तापलं की दहा-पंधरा मिनिटांनी आणि मग दुपारच्या उन्हात पुन्हा, पेटी सनईला जुळवून घ्यायची. सनईने पेटीला जुळवून घ्यायचं नाही. बँडमधले पाइपरही आधी वाजवून वाद्यं तापवतात आणि मगच ड्रोन लावतात. थंड वाद्य लावणं म्हणजे दोनदा काम.

आता उलट बाजू. बेसूर नसलेल्या गोष्टीला बेसूर म्हणण्याची चूक शिकलेले लोक जास्त करतात. सनईवाला अर्धं भोक उघडून एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जातो तेव्हा मधल्या वाटेवर तो कुठल्याच स्वरात नसतो. ती मींड आहे. ती कुठे निघाली आणि कुठे उतरली एवढंच पाहायचं. दरबारी रागातला गंधार झुलतो, तो झुलायलाच हवा. झुलता स्वर आणि बेसूर यांतला फरक कानाला सहज शिकवता येतो: आंदोलनात स्वर उंच-खाली होतो, बेसुरात आवाज लहान-मोठा होतो. एकदा हे कळलं की गोंधळ होत नाही.

दुसरी अडचण हार्मोनियमने केली. बाजाच्या पेटीतलं सप्तक बारा समान पायऱ्यांचं. त्यातला शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने चढा आहे. भजनी मंडळात पेटीवर कान घडलेल्या माणसाला सनईचा खरा गंधार उतरलेला वाटतो. बॅगपाइपबाबत तर हा गैरसमज जगभर आहे. चँटरचे स्वर पियानोच्या पट्ट्यांवर बसवलेले नाहीत, ते ड्रोनच्या अंगात जे स्वर आहेत त्यांच्यावर बसवलेले आहेत. त्याचा गंधार पियानोपेक्षा उतरा आणि वरचा कोमल निषाद त्याहूनही उतरा असतो. पियानोचा कान असलेला माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा म्हणतो, हे वाद्य जन्मतःच बेसूर आहे. तंबोऱ्याशेजारी बसून वाढलेला माणूस असं म्हणणार नाही. तो गंधार त्याच्या ओळखीचा आहे.

हे सगळं आमच्याच मुलखात एकदा फार गंभीरपणे मोजलं गेलं होतं. मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात होतं, आणि सांगलीला राहणारे कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी बावीस श्रुती तारेवर मोजायचं मनावर घेतलं. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मदतीला होता. १९१० मध्ये त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक आलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुती-हार्मोनियमही करवून घेतलं; १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ते मांडलं गेलं आणि त्यावर वाद झडला. ती श्रुतींची पेटी काही चालली नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने साध्या हार्मोनियमवरच बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. देवलांचे आकडे आज कुणी तोंडपाठ करावेत असं मी म्हणणार नाही. बावीसचा हट्ट मला स्वतःला थोडा जास्तच वाटतो. पण स्वर तारेवर ताडून पाहायचा, ऐकीव गोष्टीवर विसंबायचं नाही, हा त्यांचा कित्ता या पुस्तिकेने गिरवला आहे. शेजारी मिरजेत तंबोरे घडतात. वाचकाने शक्य असेल तर तिथल्या एखाद्या चांगल्या तंबोऱ्यापाशी तासभर बसावं. षड्जाच्या तारेतून गंधार आपणहून डोकावतो तो ऐकावा. सनईच्या गंधाराची दुसरी कुठलीही शिकवणी इतकी स्वस्त नाही.

लहर म्हणजे दोष, हेही सगळीकडे खरं नाही. इंडोनेशियातल्या बाली बेटावर गामेलानची धातूची वाद्यं जोडीजोडीने घडवतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं ठेवतात, आवाज लहरता यावा म्हणून. तिथल्या कानाला लहर नसलेलं वाद्य मेलेलं वाटतं. आपल्याकडेही दोन सनया जोडीने वाजताना अगदी बारीक लहर राहिली तर आवाज रुंद वाटतो आणि कुणी तक्रार करत नाही. दोन सनयांतली सावकाश लहर चालेल. सनई आणि सूर यांच्यातली चालणार नाही. हा माझा पक्षपात आहे असं समजा, पण पुस्तिकेत तो सगळीकडे आहे.

सुंदरीसाठी वेगळं प्रकरण केलं आहे. सनईपेक्षा बरीच लहान असलेली ही नळी अक्कलकोट संस्थानाच्या आश्रयाने वाढली आणि सोलापूरच्या जाधव घराण्याने तिला मैफलीत नेलं. सिद्राम जाधव यांचं नाव त्यात प्रथम घ्यावं लागतं. अक्कलकोटचे राजे फत्तेसिंह भोसले यांनी तिला सुंदरी हे नाव दिलं असं सांगतात. कानाच्या दृष्टीने ती तिघांत सगळ्यात निर्दय आहे. नळी जितकी आखूड, तितकी भोकाच्या जागेतली किंवा पत्तीच्या बैठकीतली चूक मोठी होते. सनईवर खपून जाणारं मेण सुंदरीवर खपत नाही. आणि आवाज उंच असल्यामुळे लहरीही भराभर येतात. चुकीच्या सुरुवातीला त्या मोजाव्यात तर तोवर खरखर सुरू झालेली असते. शिकणाऱ्याने सुंदरीवर कान तयार करू नये. तयार झालेला कान तिच्यावर तपासावा.

पुस्तिकेतले शब्द कुठले, हा प्रश्न निघेल. तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांत घरोघरी कानडी बोलतात. तिकडे सनईला सनादी म्हणतात, आणि ‘सनादी अप्पण्णा’ हा १९७७ चा कन्नड चित्रपट, ज्यात बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आहे, त्या गावांतल्या वाजंत्र्यांना नीट माहीत असतो. मांग, घडशी, गुरव, कोरवी अशा वेगवेगळ्या समाजांत सनई वाजते आणि प्रत्येकाकडे पत्तीला, मेणाला, दमाला आपापला शब्द आहे. मी साधा, जास्तीत जास्त लोकांना कळेल असा शब्द घेतला आहे. पाइपच्या भागांना पलटणीत जे म्हणतात तेच ठेवलं आहे. चँटरला मराठी नाव शोधत बसण्यात मला अर्थ दिसला नाही.

काही गोष्टी मुद्दाम गाळल्या. चौघडा कसा वाजवावा, कुठल्या वेळी कुठला राग, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मोबाइलवर स्वर दाखवणाऱ्या यंत्रणेलाही एकच पान दिलंय. ती सनईचा एकटा स्वर बरोबर सांगते, पण सूर सोबत चालू असला की गडबडते, आणि आपलं सगळं काम तर सूर चालू असतानाच आहे. शिवाय तिची पायरी पियानोची असते. तिच्या काट्यावर गंधार लावणारा मुलगा आयुष्यभर चढा गंधार वाजवील.

प्रकरणांचा क्रम वाजवणाऱ्याच्या सोयीने लावला आहे. पहिली दोन सुराची आहेत, सनई तिसऱ्यात येते. ज्यांना नुसतं ऐकायचंय त्यांनी पहिलं वाचून एकदम पाचव्यावर, लहरी मोजण्याच्या सरावावर, गेलं तरी बिघडत नाही. त्यासाठी दोन माणसं आणि दोन साध्या बासऱ्या पुरतात. एकाने एक स्वर धरायचा, दुसऱ्याने ओठ वळवून आपला स्वर त्याच्याभोवती हळूहळू फिरवायचा, आणि दोघांनी लहर थांबली असं वाटलं की हात वर करायचा. सुरुवातीला दोघांचे हात एकाच वेळी वर जाणार नाहीत. घरच्या ताफ्यात पोरगं शिकत असेल त्यांनी मात्र चौथं प्रकरण गाळू नये. एप्रिल-मेमध्ये पत्ती ओली कशी ठेवायची आणि मेण उन्हात वितळू नये म्हणून काय करायचं, ते त्यात आहे.